बांधावरचं पोर आणि बिल्डिंगमधलं पोर

मामा मूळचा उरणकडचा. जन्मभर शाळेत इतिहास-भूगोल शिकवला आणि निवृत्तीनंतर खांदा कॉलनीत राहायला आला. मीही इथलीच. आमच्या सोसायटीच्या छोट्या वाचनालयासाठी आठ ते बारा वर्षांच्या मुलांना वाचता येईल असं इतिहासाचं एक पुस्तक मी लिहायला घेतलं आहे. गोष्ट कल्पित नको, घडलेलीच हवी आणि प्रत्येक प्रकरण एखाद्या मुलाच्या किंवा मुलीच्या अनुभवातून सांगायचं, एवढं ठरवलं होतं. कच्चा खर्डा मामाला वाचायला दिला. त्यानं तो लाल पेन घेऊन वाचला, म्हणजे पुढे काय होणार हे कळलंच. झालेलं बोलणं खाली देते. घरगुती फाटे छाटले आहेत, बाकी जसंच्या तसं.

मामा : पहिल्या प्रकरणात पोर रडतं. दुसऱ्यात रडतं. चौथ्यात उपाशी झोपतं. अगं, इतिहास लिहायला बसलीस की दुखवट्याला?

मी : मुलांच्या वाट्याला जे आलं ते लिहिलं. मी काय पदरचं घातलं त्यात?

मामा : पदरचं नाही घातलंस, पण पदरात काही टाकलंही नाहीस. इतिहासाला चार प्रश्न असतात. कोणी, कधी, कुठे आणि का. पहिले तीन पोराला अर्धेमुर्धे माहीत असतात. चौथा त्याच्या गावीही नसतो. घरात काहीतरी बिनसलंय एवढं त्याला कळतं. का बिनसलंय ते सरकारी कागदात असतं, बाजारभावात असतं, दिल्ली-मुंबईच्या बैठकीत असतं. तू नुसतं पोराच्या मागे मागे फिरलीस तर वाचणाऱ्या पोराच्या हाती हळहळ लागेल, इतिहास लागणार नाही.

मी : आणि तुझ्या चार प्रश्नांनी आजवर काय हाती लागलं? मुलं परीक्षेच्या आदल्या रात्री सनावळ्या घोकतात आणि दुसऱ्या दिवशी विसरतात. चौथीच्या पुस्तकात शिवरायांचं बालपण आहे आणि ते मुलांच्या लक्षात राहतं, कारण तिथे खेळ आहेत, सवंगडी आहेत, आई आहे. पण ते एका राजाचं बालपण. पुढे मोठा होऊन ज्यानं काहीच गाजवलं नाही असं मूल शाळेच्या इतिहासात कधी येतं का?

मामा : येत नाही. कारण त्याचा कागद नसतो.

मी : कागद असतो, आपण शोधत नाही. एक तर तुलाही माहीत आहे. बाबासाहेबांनी १९३५-३६ च्या सुमारास इंग्रजीत लिहिलेल्या आठवणी, ‘वेटिंग फॉर अ व्हिसा’. त्यातला पहिलाच प्रसंग १९०१ च्या सुमाराचा, म्हणजे भिवा (बाबासाहेबांचं लहानपणचं नाव) तेव्हा नऊ-दहा वर्षांचा. आई वारलेली. वडील खटाव तालुक्यात रोखपालाच्या कामावर. उन्हाळ्याच्या सुट्टीत त्यांच्याकडे जायचं म्हणून भिवा, त्याचा भाऊ आणि बहिणीची मुलं साताऱ्याहून आगगाडीनं मसूर स्टेशनात उतरतात. अंगावर नवे कपडे, भरजरी टोप्या, नवे बूट. घ्यायला कोणी आलेलं नाही. स्टेशनमास्तर आधी आपुलकीनं चौकशी करतो आणि मुलं महार आहेत हे कळताच त्याचा चेहरा पालटतो. एकही गाडीवान तयार होईना. शेवटी दुप्पट भाड्यावर एक जण कबूल होतो, पण गाडी मुलांनी हाकायची आणि तो पायी चालणार. फराळाचा डबा सोबत आहे, पण पाणी नाही. ओढ्यात पाणी म्हणून जे आहे त्यात चिखल आणि जनावरांचं मूत. रात्री नाक्यावर, आपण मुसलमान आहोत असं सांगूनसुद्धा पाणी मिळत नाही. डबा भरलेला आणि पोरं उपाशी झोपलेली. आता सांग, अस्पृश्यता समजवायला पाचवीच्या मुलाला याहून चांगलं काय देशील?

मामा : हेच देईन. पण तू खर्ड्यात काय गाळलंस ते दाखवू? हे बघ, पान सात. ‘वडील दूर गावी नोकरीला होते’ असं लिहून मोकळी झालीस. बाबासाहेबांनी तसं लिहिलेलं नाही. दुष्काळात लोकांना काम मिळावं म्हणून सरकार तिथे तलाव खणत होतं आणि त्या कामावर वडील रोखपाल होते, असं त्यांनी स्पष्ट सांगितलं आहे. एका वाक्यात. ते वाक्य तू खाल्लंस.

मी : मला वाटलं, मुलांना तो तपशील जड होईल.

मामा : जड? अगं, सगळं त्यातच आहे! बाप सरकारी तलावाचा हिशेब ठेवतोय आणि त्याच तलावाकडे निघालेल्या पोराला वाटेत घोटभर पाणी मिळत नाही. आणि हे पोराच्या तोंडी घातलेलं नाही. चाळिशी ओलांडलेला कायदेपंडित ते सांगतोय आणि लगेच बाजूला होऊन पोराला पुढे करतोय. पाणी का नाही हे त्या पोराला नीटसं माहीत नाही, लेखकाला माहीत आहे. दोघांनी आपापल्या जागेवर उभं राहून बोलायचं. तुझ्या खर्ड्यात मात्र नऊ वर्षांचं पोर समाजव्यवस्थेवर भाषण देतं.

हा वार बरोबर बसला. आपल्याकडच्या बालसाहित्याचं हे जुनं दुखणं आहे. मुलाच्या तोंडून लेखकच बोलतो आणि ते मूल शहाण्यासारखं, शुद्ध आणि जरा जास्तच बोलतं. दुर्गाबाई व्याम आणि सुभाष व्याम यांच्या चित्रांतून २०११ साली आलेल्या ‘भीमायन’मध्ये हाच प्रवास आहे. तिथे चित्रांमुळे मुलाला फारसं बोलावंच लागत नाही आणि त्याची तहान तेवढी पानापानांवर पसरते.

मी : बरं, ते वाक्य परत घालते. पण मग मुक्ताचं काय करणार? ती तर स्वतः लिहीत होती, आणि तेही विद्यार्थिनी असताना. फुल्यांच्या पुण्यातल्या शाळेत शिकणारी मुक्ता साळवे. तीन वर्षांच्या शिक्षणावर तिनं मांग-महारांच्या दुःखाविषयी निबंध लिहिला आणि ‘ज्ञानोदय’नं तो १८५५ च्या फेब्रुवारी-मार्चमध्ये दोन भागांत छापला. तिच्या तोंडी कोणी काही घातलं नाही.

मामा : मुक्ता माझीही लाडकी. पण नीट वाच. आपल्या जातीच्या माणसांना तेल-शेंदूर पाजून इमारतीच्या पायात पुरायचे, तालमीपुढून गेलं तर मान मारायचे, असं ती लिहिते. ही गोष्ट पेशवाईची. पेशवाई बुडाली १८१८ ला. मुक्तानं पेशवाई पाहिलेली नाही.

मी : म्हणजे ते खोटं?

मामा : खोटं कुठे म्हणालो? ते तिच्या अनुभवाचं नाही, तिच्या वस्तीच्या आठवणीचं आहे. चुलीपाशी आजी-आजोबांकडून ऐकलेलं. आणि त्याच निबंधात घरावर छप्पर नसताना थंडीवाऱ्यात बाळंत होणाऱ्या बायांबद्दल ती लिहिते, ते मात्र तिच्या आसपासचं, डोळ्यांदेखतचं. दोन्हींना मोल आहे, पण ते वेगवेगळं. तुझ्या पुस्तकात हा फरक वाचणाऱ्या मुलाला दिसला पाहिजे. हे मुक्तानं पाहिलं, हे मुक्तानं ऐकलं. पाचवीच्या पोराला इतकं कळतं. वर्गात भांडण झालं की पहिला प्रश्न तोच असतो : तू स्वतः पाहिलंस, की तुला कोणी सांगितलं?

मी : हे मात्र लिहून घेते.

मामा : घे. आणि वळिवड्याचं प्रकरण पुन्हा लिही.

वळिवडे कोल्हापूरजवळ आहे. दुसऱ्या महायुद्धात, १९४३ ते १९४८ या काळात तिथे पोलंडच्या निर्वासितांची छावणी होती. सुमारे पाच हजार माणसं, त्यात बायका आणि मुलंच फार. शाळा, चर्च, नाटकं, स्काउट असं सगळं तिथे होतं. म्हातारपणी त्यातली काही मुलं पुन्हा कोल्हापूरला आली, जुन्या जागा हुडकत फिरली. मी त्या मुलांच्या आनंदावर प्रकरण बेतलं होतं.

मामा : गोड झालंय. त्यांना विचारलंस तर ती सांगणार, वळिवड्याचे दिवस सुखाचे होते. खरंच होते. पण ती पोरं कोल्हापुरात पोचली कशी? १९४० मध्ये स्टालिनच्या पोलिसांनी पूर्व पोलंडमधून त्यांची घरंच्या घरं उचलून सायबेरियाकडे, मध्य आशियाकडे नेली. पुढच्या वर्षी हिटलरनं रशियावर हल्ला केला, डाव उलटला आणि ही माणसं सुटली. मग इराणमार्गे हिंदुस्थानात. वाटेत किती गेली. तुझ्या प्रकरणात नुसती आंब्याची झाडं आहेत. का विचारलं नाहीस तर हा इतिहास सहलीचं वर्णन होतो.

मी : मामा, मलाही एक विचारायचं आहे. तू शिकवायचास तेव्हा नंदुरबारचा शिरीषकुमार शिकवायचास ना?

मामा : शिकवायचो म्हणजे? ९ सप्टेंबर १९४२. छोडो भारतला बरोबर महिना झालेला. नंदुरबारात मुलांची मिरवणूक, हातात तिरंगा, पोलिसांचा गोळीबार. शिरीषकुमार मेहता, वय पंधरा. सोबत लालदास शहा, धनसुखलाल वाणी, शशिधर केतकर, घनश्यामदास शहा. पाचही नावं घेतल्याशिवाय वर्गातून बाहेर पडलो नाही कधी.

मी : आणि मुलांनी काय विचारलं?

मामा : काय विचारणार? टाळ्या वाजवायची.

मी : माझ्या मुलानं विचारलं. धडा वाचून घरी आला आणि म्हणाला, ‘आई, मलापण जावं लागेल का?’ तू मघाशी म्हणालास, माझ्या पुस्तकातलं पोर सारखं रडतं. तुझ्या धड्यातलं पोर एकदाही रडत नाही. त्याला भीती वाटत नाही, घरी काय सांगून निघाला ते आपल्याला ठाऊक नाही, मागे राहिलेल्यांचं काय झालं ते ठाऊक नाही. हातात झेंडा, छातीवर गोळी, संपलं. पंधरा वर्षांच्या मुलाचा आपण पुतळा केला. कोणी, कधी, कुठे, का, चारही उत्तरं तुझ्यापाशी होती, पण त्यात मूल नव्हतं.

मामानं चष्मा काढून पुसला. वादात अडला की तो हे करतो, हे आम्हा भाच्यांना पूर्वीपासून माहीत आहे.

मामा : तो मुद्दा तुझा. शौर्य शिकवताना आम्ही भीती गाळली. मुलं मरायला तयार असतात ही काही मिरवायची गोष्ट नाही. गोळी चालवणाऱ्याला समोर पोरं आहेत हे दिसत होतं, हे शिकवायला हवं होतं.

मी : म्हणजे मुलाचा अनुभव लागतोच.

मामा : लागतो. पण जिथे अनुभव सांगायला कोणी उरलंच नाही, तिथे काय करशील? इनामगाव घे. शिरूर तालुक्यातलं. डेक्कन कॉलेजच्या लोकांनी १९६८ पासून तिथे बरीच वर्षं उत्खनन केलं, सांकलिया, ढवळीकर, अन्सारी ही मंडळी. तीन हजार वर्षांपूर्वीचं शेतकऱ्यांचं गाव. तिथली लहान मुलं गेली की दोन मडकी तोंडाला तोंड लावून आडवी ठेवायचे, आत ते मूल, आणि घराच्याच जमिनीखाली पुरायचे. मोठ्या माणसांना पुरताना घोट्याखालचे पाय तोडायचे. पोरांना मात्र मडक्यात, घरातच. तिथलं एकही पोर तुला काही सांगायला येणार नाही. पण त्या दोन मडक्यांवरून आई-बापाला काय वाटत असेल, पोरं किती मरत असतील, हे विचारता येतं. इथे तू कल्पनेनं एक ‘इनामगावची चिमी’ उभी केलीस. नाव दिलंस, संवाद दिले. ती काढून टाक. मडकी ठेव. मुलांना मडकी पुरतात, त्यांना हाडं-मडकी आवडतात.

मला चिमी आवडली होती. पण कल्पित काही नको ही अट मीच घातलेली, तेव्हा चिमी गेली.

आता खरा वाद सुरू झाला, कारण पुढचं प्रकरण आमच्या पायाखालचं होतं. खांदा कॉलनी म्हणजे सिडकोनं वसवलेलं नवीन पनवेल, पश्चिमेकडचं. शेजारी खांदा गाव, खांदेश्वराचं देऊळ आणि तळं, त्याच देवाच्या नावाचं लोकलचं स्टेशन. कॉलनीतली बहुतेक मुलं इथे जन्मली, पण त्यांची आजोळं सातारा, कोल्हापूर, जळगाव, आझमगड अशी लांबलांबची. ही जमीन आधी कोणाची होती, हे त्यांना कोणी सांगितलेलं नाही. सांगायचं कारणही पडलेलं नाही.

मामा : १९८४ च्या प्रकरणात ‘का’ कुठे आहे? सिडकोची स्थापना १७ मार्च १९७०. मुंबईला जोडशहर हवं होतं म्हणून ठाणे, पनवेल, उरण या तीन तालुक्यांतल्या पंचाण्णव गावांच्या जमिनी घ्यायचं ठरलं. गावठाण ठेवलं, शेती आणि मिठागरं घेतली. म्हणजे घर राहिलं आणि पोट गेलं. मोबदला तुटपुंजा. पुढे न्हावा-शेव्याच्या बंदराला जमीन हवी झाली तेव्हा लोक आपले नेते दि. बा. पाटील यांच्या मागे उभे राहिले. १६ जानेवारी १९८४ ला दास्तान फाट्यावर गोळीबार, चिर्ल्याचे नामदेव घरत आणि धुतुमचे रघुनाथ ठाकूर गेले. १७ ला नवघरला गोळीबार, पागोट्याचे तिघे गेले. महादेव हिरा पाटील, केशव महादेव पाटील आणि कमळाकर तांडेल. त्या लढ्यातून साडेबारा टक्के विकसित जमीन परत देण्याचं तत्त्व आलं. यातलं निम्मं तुझ्या प्रकरणात नाही. आहे काय, तर चप्पल!

चप्पल कुठून आली ते सांगते. आमच्या ओळखीच्या एक बाई तेव्हा चौथीत होत्या, त्यांचं माहेर त्याच पट्ट्यातलं. त्यांना आठवतं ते असं : बाप पहाटे निघाला, आईनं भाकऱ्या बांधून दिल्या. संध्याकाळी तो परतला तेव्हा पायात एकच चप्पल होती. पोरीनं विचारलं, दुसरी कुठाय? आईनं फाडकन थोबाडीत दिली. एरवी आई मारत नसे. घरात कोणी बोलत नव्हतं. माणसं मेली हे तिला दुसऱ्या दिवशी विहिरीवर कळलं.

मी : तुझ्या सगळ्या तारखा मी घालते. पण तू सांग, तू तेव्हा तिथे होतास. तरणाताठा मास्तर. तुला पोरं आठवतात?

मामा : पोरं कशी आठवतील? गर्दी आठवते. बायका पुढे होत्या, त्यांनी लाठ्या खाल्ल्या. धूर. पळापळ.

मी : घराघरात पोरं होती, मामा. त्या दोन रात्री ती कोणी झोपवली, काय सांगून झोपवली, दुसऱ्या दिवशी शाळेत पाठवली की नाही? तू स्वतः शिक्षक होतास. तुझ्या वर्गात किती जण आले होते?

मामा : (बराच वेळ गप्प) शाळा भरली होती की नाही, तेसुद्धा आठवत नाही.

मी : मग तुझा इतिहासही कंबरेच्या वरचाच. मुलाला मोठ्यांचे नुसते पाय दिसतात आणि मोठ्यांना मुलं दिसतच नाहीत.

मामा : मान्य. पण तुझ्या बाईंनी दोन्ही गोळीबार एकाच दिवशी घातलेत. दास्तान आणि नवघर, दोन ठिकाणं, दोन दिवस. तिची चप्पल १६ ची की १७ ची? हे ठरल्याशिवाय छापू नकोस.

मी : इतक्या वर्षांनी चप्पल कुठल्या तारखेची, हे विचारू?

मामा : विचार. साक्षीदाराला उलट प्रश्न विचारला म्हणजे त्याचा अपमान होत नाही. न विचारता त्याला डोक्यावर घेतलं तर होतो.

मी विचारलं. बाई आधी हसल्या. मग थोडं थांबून म्हणाल्या, दुसऱ्या दिवशी बाप अनवाणीच गेला, कारण घरात दुसरा जोड नव्हता. जाताना आजी ओरडत होती की पायात काहीतरी घाल. म्हणजे चप्पल १६ ची. आणि १७ ला तो पुन्हा गेला होता, हे त्यांनाही हे बोलता बोलताच लख्ख झालं. तोवर दोन्ही दिवस एकाच दिवसात गुंडाळले गेले होते.

हे मामाला फोनवर सांगितलं तेव्हा त्याचा आवाजच बदलला.

मामा : अगं, हा पुरावा आहे! आदल्या दिवशी गोळीबार पाहिलेला माणूस दुसऱ्या दिवशी अनवाणी परत गेला. हे कुठल्या पंचनाम्यात मिळणार नाही. आता माझ्या तारखा वर आणि तुझी चप्पल खाली, असं लिही. की चप्पल वर?

मी : चप्पल आधी. मग तारखा. मुलाला आधी विचारू दे, दुसरी कुठे गेली. का हा प्रश्न त्याच्याच तोंडून येऊ दे, मग उत्तर तू दे.

मामा : चालेल. सोव्हिएत मुलांचं युद्ध असंच गोळा केलं होतं ना त्या बाईनं, अलेक्सिएविचनं? १९८५ चं पुस्तक.

मी : ‘शेवटचे साक्षीदार’. युद्धात जे लहान होते त्यांना मोठेपणी गाठून. पण तिनं तुझ्यासारख्या तारखा नाही तपासल्या. नुसते आवाज एकापुढे एक ठेवले.

मामा : ते मोठ्यांसाठी. मोठ्यांना युद्ध कधी सुरू झालं, कधी संपलं, हे ठाऊक असतं. तुझ्या वाचकाला ठाऊक नाही. त्याला आवाज दे आणि नकाशाही दे. आता शेवटचं भांडण. या प्रकरणात खांदा कॉलनी कुठे आहे?

मी : सगळं हिच्याबद्दलच तर आहे.

मामा : नाही. बांधावरचं पोर आहे. खाजणात निवट्यांमागे धावणारं, चिंबोरीनं बोट धरलं म्हणून बोंबलणारं. छान आहे. पण पुस्तक वाचणार कोण? बिल्डिंगमधलं पोर. त्याचा बाप गिरणी बंद पडल्यावर लालबागची खोली विकून इथे आला असेल. कोणाचं आजोळ कोयनेच्या पाण्याखाली गेलं असेल. कोयनेच्या कितीतरी विस्थापितांना याच रायगड जिल्ह्यात जमिनी दिल्या होत्या. ते पोरही या इतिहासात आहे. तू त्याला नुसतं वाचक करून ठेवलंस आणि वरून अपराधी वाटायला लावलंस. दहा वर्षांच्या मुलानं फ्लॅटमध्ये राहण्याची लाज बाळगायची का?

मी : लाज नको. पण माहीत असू दे.

मामा : मग दोघांना एकाच प्रकरणात आण. साल तेच. एकाचा बाप जमिनीसाठी रस्त्यावर, दुसऱ्याचा बाप मुंबईत दहा बाय दहाच्या खोलीत, नव्या शहरात घर मिळेल या आशेवर. दोघंही एकमेकांना ओळखत नाहीत. दोघांची गाठ एकाच सरकारी आराखड्यानं घातली. याला म्हणतात ‘का’.

मला इथे हरकत घ्यायची होती. दोन मुलं तराजूच्या दोन पारड्यांत घातली की तराजू सारखा झाल्याचा भास होतो आणि प्रत्यक्षात एकाची जमीन गेली, दुसऱ्याला घर मिळालं. ते सारखं नव्हे. हे मी मामाला म्हणाले. तो म्हणाला, सारखं नाही हेही लिही, पण दोघांना लिही. यावर आमचं अजून जुळलेलं नाही. मी सध्या दोन वेगळी प्रकरणं ठेवली आहेत आणि दुसरं मुद्दाम लहान ठेवलं आहे.

मी : आणि नवी मुंबईचा विमानतळ? तो घ्यायचा की नाही?

मामा : घ्यायचा म्हणजे? ८ ऑक्टोबर २०२५ ला उद्घाटन झालं, हे सगळ्या पोरांना पाठ आहे. त्यासाठी दहा गावं हलली हे किती जणांना पाठ आहे? उलवे, तरघर, कोपर, कोल्ही, चिंचपाडा, वाघिवली वगैरे. टेकडी कापली, उलव्याची नदी वळवली. भूगोल डोळ्यांसमोर बदलला. आमच्या पिढीत भूगोल बदलायला हजारो वर्षं लागायची.

मी : गावं उठली तेव्हा जी मुलं तिसरी-चौथीत होती ती आज कॉलेजला जातात. त्यांच्याकडे फोनमधले फोटो आहेत, जुन्या घराचे, जुन्या शाळेचे. त्यांच्या चपलेची तारखसुद्धा फोटोवर असेल.

मामा : मग त्यांच्याकडे आधी जा. पण जपून. १९८४ ची बाई पन्नाशीला आली, तिला काय सांगायचं आणि काय नाही ते कळतं. ही पोरं काल-परवाची. मोबदल्यावरून घराघरात भाऊबंदकी अजून चालू आहे. पोरानं सहज सांगितलेलं उद्या काकाच्या विरोधात वापरलं जाईल. नाव घालू नकोस, घर ओळखू येईल असा तपशील घालू नकोस. आणि लिहिलेलं आधी त्यालाच वाचून दाखव.

मी : हा नियम तुझ्या इतिहासात कुठे होता?

मामा : नव्हता. माझ्या इतिहासातली माणसं मेलेली असायची.

खर्डा अजून मामाच्या टेबलावर आहे आणि अजून लाल होतो आहे. पण एका गोष्टीवर आम्ही दोघंही थांबलो. १९८४ साली जी मुलं दहा वर्षांची होती ती आज पन्नाशीच्या पुढे आहेत आणि जी तरणी होती ती सत्तरीच्या. जासई, चिर्ले, धुतुम, नवघर, पागोटे, आणि इकडे खांदा, या गावांत ज्यांचं घर किंवा माहेर आहे त्यांना एवढीच विनंती. येत्या १६-१७ जानेवारीला हुतात्म्यांना हार घालून आलात की घरातल्या त्या वेळच्या मुलाला किंवा मुलीला समोर बसवा आणि विचारा : त्या दिवशी तू कुठे होतास, काय खाल्लंस, तुला कोणी काय सांगितलं? पाहिलेलं एका बाजूला लिहा, ऐकलेलं दुसऱ्या बाजूला. आणि कॉलनीत राहणाऱ्यांनो, तुमचं मूल ‘इथे आधी काय होतं’ असं विचारेल तेव्हा गुगलकडे बोट दाखवू नका, त्याला घेऊन खांदा गावात जा आणि तिथल्या एखाद्या आजीला विचारा.

वाचनालय रविवारी सकाळी उघडं असतं. या आठवणी लिहायला एक वही तिथे ठेवली आहे.